सायकसचा पोगा सांभाळा: खानदेशातल्या बागांमध्ये होणाऱ्या या चुका टाळा

बंगल्याच्या फाटकाशी दोन बाजूंना दोन सायकस, ही जळगाव-धुळ्याकडे आता ठरलेली मांडणी झाली आहे. त्यातला एक हिरवागार आणि दुसरा पिवळा, आखडलेला, हेही जवळपास ठरलेलंच. झाड मुळात चिवट. दक्षिण जपानच्या बेटांवरचं, ताडासारखं दिसणारं पण ताडाशी नातं नसलेलं. बिघडतं ते एका सवयीमुळे: वर्षातून साधारण एकदाच शेंड्यातून नव्या पानांचं अख्खं वर्तुळ एकदम निघतं आणि ते उलगडून कडक व्हायला काही आठवडे जातात. तेवढ्या काळात जे बिघडेल ते पुढे पान गळेपर्यंत दिसत राहतं. केळीवाल्यांच्या भाषेत, पोगा (म्हणजे ही शेंड्यातून निघणारी कोवळी पानं) सांभाळला की बाकी वर्षभर थोडं दुर्लक्ष चालतं.

पिवळेपणावर कपाशीचा उपाय

घरची कपाशी असली की लाल्यासाठी, म्हणजे तिची पानं लाल पडतात त्यावर, आणलेलं मॅग्नेशियम सल्फेट कुठेतरी उरलेलं असतंच. मग मूठभर सायकसच्या बुडाशी. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर त्याचा उपयोग होईलही. पण आपल्याकडची नेहमीची तक्रार वेगळी आहे: नवीन पानंच पिवळट, बुटकी, पिळवटलेली निघतात आणि टोकं करपतात. हे मँगनीज कमी पडल्याचं लक्षण. काळ्या मातीत मँगनीज नसतं असं नाही; माती चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या पुढेमागे, त्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. त्यात बोअरचं जड पाणी भर घालतं.

दुकानात मँगनीज सल्फेट मागा आणि पुडीवरचं नाव वाचूनच घ्या, घाईत हमखास दुसरंच हातात पडतं. लिटरला साधारण एक ग्रॅम, महिन्याच्या अंतराने दोन-तीन फवारण्या, त्याही संध्याकाळी. वाकडी झालेली पानं सरळ होणार नाहीत. फरक पुढच्या पोग्यात दिसेल, त्यामुळे पंधरा दिवस वाट पाहून मात्रा दुप्पट करण्यात अर्थ नाही.

निव्वळ काळी माती आणि रोजचं पाणी

शेतातली भारी काळी माती कुंडीत भरली की पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात ती कडा सोडते, पाणी बाजूने निघून जातं. सायकसला दोन्ही सोसत नाही. निम्मा बारीक मुरूम किंवा जाड वाळू, उरलेल्यात माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत, एवढं पुरे. जमिनीत लावायचं तर वीतभर उंचवटा करून लावा आणि खोड पुरू नका. मोगरा-गुलाबाच्या ठिबकवर सायकस जोडून देणं ही तर आपल्या भागातली खास चूक. रोज पाणी मिळतं आणि गड्डा, म्हणजे बुडाचं जाड खोड, आतून सडतो. वरची माती दोन-तीन इंच कोरडी झाल्यावरच पाणी द्या, तेही शेंड्यात न ओतता. शंका आली तर खोड अंगठ्याने दाबून पाहा. टणक असेल तर काळजी नाही. दबत असेल तर झाड उपटून सडका भाग निरोगी गरापर्यंत कापा, बुरशीनाशक लावा, आठवडाभर सावलीत सुकवा आणि मग नुसत्या वाळूत ठेवा. सगळीच झाडं वाचतात असं नाही.

कुंडी बदलताना मातीच्या वरच्या थरात पोवळ्यासारखी गुठळीदार मुळं दिसतात. केळीच्या मुळांवर सूत्रकृमींच्या (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या) रोगट गाठी पाहिलेला माणूस ती लगेच छाटतो. छाटू नका. त्यांत नील-हरित शेवाळ राहतं आणि ते झाडाला हवेतला नत्र मिळवून देतं.

मुंग्या दिसल्या, तरी पोगा उलटून पाहिला नाही

पोगा निघाला की एक छोटं निळसर फुलपाखरू त्यावर अंडी घालतं. अळ्या हिरव्या-तांबूस, पानाच्या रंगात मिसळून जाणाऱ्या; चार-पाच दिवसांत कोवळं पातं खाऊन नुसता दांडा ठेवतात. त्यांच्या गोड स्रावासाठी मुंग्या गोळा होतात, म्हणून कोवळ्या पानांवर मुंग्यांची वर्दळ दिसली की मुंग्यांची पावडर आणायला धावू नका, आधी पानं उलटा. पोगा बोटभर असतानाच निंबोळी अर्क फवारा, किंवा पानं कडक होईपर्यंत मच्छरदाणीचं कापड बांधून ठेवा. माझं मत कापडाच्या बाजूचं आहे: खर्च नाही, वासही नाही.

पानाखाली पांढरा थर दिसला तर ती धूळ किंवा भुरी (पांढरी बुरशी) समजू नका. नखाने खरवडला आणि बारीक खवले सुटले, तर ती खवले कीड. जास्त माखलेली पानं कापून जाळा, बाकीच्यांवर खालून बागायती तेल फवारा. भर दुपारी तेल मारलं तर पान भाजतं. मेलेले खवलेही चिकटून राहतात, म्हणून औषध लागू पडलं की नाही हे नवीन पानं पाहून ठरवा.

मे महिन्यातली खरेदी

शेडनेटखालचं झाड आणून थेट भुसावळच्या ४४-४५ अंशांत गच्चीवर ठेवलं की पानं पांढरी पडतात. खरेदी पाऊस स्थिरावल्यावर करा. आधीच घेतलं असेल तर सकाळचं ऊन आणि दुपारी नेट. हॉलमध्ये ठेवणाऱ्यांची अडचण उलटी: अंधारात निघालेला पोगा लांबट, लोंबता होतो आणि तसाच राहतो. पोगा दिसताच कुंडी उजेडात न्या, मात्र तो उलगडत असताना जागा बदलू नका.

लग्नसराईत मांडवासाठी हिरवी पानं तोडून देणंही टाळा, गड्ड्यातला साठा त्याच पानांवर भरतो. एखाद्या वर्षी मोठ्या झाडाच्या शेंड्यात पानांऐवजी तपकिरी, लोकरीसारखा गोळा आला तर ती कीड नाही, झाड मादी आहे.

त्या गोळ्यात पुढे नारिंगी-लाल बिया धरतात. पूर्ण झाड विषारी, पण बिया सर्वांत जास्त. कुत्र्याने एक-दोन चावल्या तरी यकृत निकामी होऊ शकतं. खाल्ल्याचा नुसता संशय असला तरी उलटीची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या, आणि लहान मुलाच्या तोंडात गेली तर दवाखान्यात. छाटलेली पानं उकिरड्यावर फेकू नका, शेजारच्या शेळ्या ती खातात. खड्ड्यात पुरा.