जुनी अमेरिकी टपाल तिकिटं आणि छपाईतल्या चुका : संग्रह कसा सुरू करावा

जुन्या अमेरिकी तिकिटांचा संग्रह दुर्मीळ तिकिटापासून सुरू करू नका. १८५१ सालचं, जॉर्ज वॉशिंग्टन यांचं चित्र असलेलं ३ सेंटचं लालसर तिकीट घ्या. ते भरपूर छापलं गेलं होतं, त्यामुळे वापरलेली, शिक्का बसलेली प्रत आजही खिशाला परवडते. एकच घेऊन थांबू नका. वेगवेगळ्या छटांची पाच-सहा शेजारी शेजारी ठेवून पाहा. चूक ओळखायला आधी बरोबर काय असतं ते डोळ्यांत भरावं लागतं, आणि त्यासाठी या तिकिटाइतका चांगला गुरू नाही.

तिकीट कसं छापलं जायचं, ते आधी समजून घ्या

हा टप्पा घाईत उरकू नका, कारण बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. कारागीर पोलादाच्या छोट्या ठोकळ्यावर चित्र उलटं कोरत असे. त्यावरून एका पोलादी रुळावर ठसा उचलायचा आणि तो रूळ छपाईच्या पत्र्यावर एकेका तिकिटाच्या जागी दाबायचा. एखाद्या जागी ठसा नीट बसला नाही, तर तो घासून पुन्हा दाबत. पहिल्या ठशाच्या रेषा थोड्या जरी राहिल्या, तरी अक्षरं किंवा चौकट दुहेरी दिसते. याला ‘डबल ट्रान्सफर’ म्हणतात. ३ सेंटच्या तिकिटांत अशा प्रती भिंगाखाली सापडतात आणि त्या शोधण्यात खरी मजा आहे.

याच पद्धतीतून १९१७ साली एक विलक्षण चूक घडली. २ सेंटच्या पत्र्यावरच्या तीन जागा दुरुस्त करताना तिथे ५ सेंटचा ठसा दाबला गेला. ५ सेंटचं तिकीट खरं तर निळं. पण लाल तावात, २ सेंटच्या तिकिटांच्या मधोमध, ते लाल रंगात उमटलं. हे तिकीट कधी घ्यायचं झालंच, तर शेजारच्या २ सेंटच्या तिकिटांसकट घ्या. चुकीची गोष्ट त्या शेजारामुळेच कळते.

दोन रंगांच्या तिकिटांचा कागद छपाई यंत्रातून दोनदा जायचा. दुसऱ्या वेळी ताव उलटा घातला गेला की मधलं चित्र उलटं. अमेरिकेची पहिली दुरंगी तिकिटं १८६९ ची, आणि त्यातल्या १५, २४ व ३० सेंटच्या तिकिटांत हीच चूक झाली. मे १९१८ मध्ये विल्यम रोबी यांना वॉशिंग्टनच्या पोस्टात २४ डॉलरना मिळालेला शंभर तिकिटांचा ताव, ज्यावर विमान उलटं छापलं होतं, तोही याच प्रकारचा. रोबींनी तो १५,००० डॉलरना विकला. २०२३ मध्ये त्यातल्या एकाच तिकिटाला लिलावात २० लाख डॉलरहून अधिक किंमत आली.

साधनं

चपट्या टोकाचा चिमटा, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, तिकिटाच्या कडेचे दाते मोजायची पट्टी आणि तिकिटांची सचित्र यादी देणारा स्कॉट कॅटलॉग. कॅटलॉगची जुनी आवृत्तीही ओळख पटवायला पुरते. कागदातल्या जलचिन्हाची (कागद बनवतानाच उमटवलेल्या पुसट खुणेची) चिंता सध्या करू नका. अमेरिकी तिकिटांवर ते १८९५ पासून येतं.

पहिली चूक स्वतः शोधा

कोलंबसच्या सफरीला चारशे वर्षं झाली म्हणून १८९३ साली निघालेल्या मालेतलं २ सेंटचं जांभळट तिकीट घ्या. ते अब्जाहून अधिक छापलं गेलं, म्हणून स्वस्तात, ढिगाने मिळतं. कोलंबसच्या डावीकडच्या तिसऱ्या माणसाची टोपी भिंगातून पाहा. काही प्रतींत टोपीला व्हीच्या आकाराची खाच दिसते. ही ‘तुटकी टोपी’. ढिगातून ती स्वतः निवडून काढण्याचं समाधान विकत घेता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मात्र जरासा सरकलेला रंग किंवा शाईचा डाग यांना ‘एरर’ म्हणून चढा भाव देऊ नका. जाणकार त्यांना ‘फ्रीक’ म्हणतात आणि त्यांची किंमत बरीच कमी असते.

फसवणूक कुठे होते

अमेरिकी तिकिटांना दाते १८५७ मध्ये आले. त्यामुळे नंतरच्या तिकिटाचे दाते छाटून ते आधीचं म्हणून विकण्याचा प्रकार जुना आहे. चारही बाजूंना भरपूर कागद सुटलेली प्रतच घ्या. तिकीट रद्द करायला शाईच्या पेनाने मारलेली रेघ रसायनाने पुसून तिकीट ‘न वापरलेलं’ म्हणून खपवतात. अतिनील दिव्याखाली ती रेघ बरेचदा उमटते.

सगळ्यांत जपून घ्यायचं ते १८४७ चं पहिलं तिकीट : ५ सेंटचं, बेंजामिन फ्रँकलिन यांचं चित्र असलेलं. १८७५ मध्ये सरकारनेच त्याची नवी प्रतिकृती छापली होती. अस्सल तिकिटात शर्टाच्या झालरीची डावी कड लंबगोल चौकटीला जिथे टेकते, तो बिंदू ‘फाइव्ह’ या शब्दातल्या पहिल्या अक्षराच्या माथ्याच्या रेषेत असतो. प्रतिकृतीत तो ५ या आकड्याच्या माथ्याच्या रेषेत येतो.

महागडी खरेदी प्रमाणपत्राशिवाय नको. न्यूयॉर्कचं फिलाटेलिक फाउंडेशन आणि अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी तज्ज्ञांकडून तपासणी करून देतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी वॉशिंग्टनचं राष्ट्रीय टपाल संग्रहालय आवर्जून पाहावं. अस्सल छपाई काचेमागून पाहिली तरी नजर तयार होते.

मुंबई-कोकणात जपणूक

पावसाळ्यात मागचा गोंद ओलसर होऊन तिकीट पानाला चिकटतं. म्हणून आपल्या हवेत गोंद नसलेल्या, वापरलेल्या प्रती घेणं शहाणपणाचं. अल्बम उभे ठेवा, एकावर एक रचू नका. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळेवर बदला. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यांनी रंग बिघडतो. आणि जुन्या लिफाफ्यावर तिकीट असेल, तर ते पाण्यात भिजवून सोडवू नका. तारीख, गावाचा शिक्का आणि पत्ता यांच्यासकट ते जास्त मोलाचं असतं.