मदरबोर्ड बदलायच्या आधी विंडोजचं लायसन्स कसं वाचवायचं

मागच्या वर्षी वळवाच्या पावसात इचलकरंजीला मामांच्या घराजवळ वीज पडली आणि त्यांच्या डेस्कटॉपचा बोर्ड आणि एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) दोन्ही गेले. मामा यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहितात, सगळं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर. जवळच्या दुकानातून मशीन दोन दिवसांत दुरुस्त होऊन आलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन, "अरं, टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडायलंय, पंधरा तारखेची एन्ट्रीच घेईना, बघ की जरा." म्हणजे टॅलीचं लायसन्स उडालं होतं.

मी लांबूनच स्क्रीन घेतली, विंडोज बटण आणि आर दाबून छोट्या चौकटीत एसएलएमजीआर, मग स्पेस, स्लॅश, एक्सपीआर असं टाकलं (सगळी इंग्रजी अक्षरंच टाकायची अर्थात), तर समोर मेसेज आला की व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन अमुक तारखेला संपणार, आणि ती तारीख होती सहा महिन्यांच्या आतली. म्हणजे दुकानदाराने फॉरमॅट मारून क्रॅक, म्हणजे चोरीचं, विंडोज टाकलं होतं. मामांनी २०१७ साली पैसे मोजून घेतलेलं विंडोज १० प्रो कपाटात डब्यात तसंच पडून होतं, त्याबद्दल त्यांना कुणी विचारलंच नाही, आणि मामांना ते सांगायला हवं हे माहीत नव्हतं.

म्हणून हे सगळं लिहितोय. बोर्ड बदलणं किंवा विंडोज परत टाकणं अवघड नाहीये, पण लायसन्सची तयारी स्क्रू उघडायच्या आधी करायची असते, एकदा बोर्ड निघाला की अर्ध्या वाटा बंद होतात.

पहिलं काम, तुमचं लायसन्स कुठल्या जातीचं आहे ते बघा. त्याच चौकटीत एसएलएमजीआर स्पेस स्लॅश डीएलआय टाका, थोडा वेळ लागतो, मग एक छोटी खिडकी येते. त्यात दुसऱ्या ओळीत चॅनल लिहिलेलं असतं. ओईएम असं दिसलं तर ते मशीनसोबत आलेलं लायसन्स, त्याच मशीनच्या बोर्डाशी बांधलेलं, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. ओईएम अंडरस्कोर डीएम असेल तर लायसन्सची की (२५ अक्षरी नंबर) बायोसमध्येच, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्येच, कोरलेली आहे, विंडोज ८ च्या काळापासून कंपनीच्या लॅपटॉपमध्ये असंच असतं, म्हणून हल्ली खाली स्टिकरवर की दिसत नाही. रिटेल असेल तर ते तुमचं, एका वेळी एकाच मशीनवर चालवायचं पण मशीन बदललं तरी सोबत नेता येतं. आणि व्हॉल्यूम दिसलं, तर ते ऑफिस-कॉलेजांसाठीचं लायसन्स आहे, घरच्या पीसीवर ते दिसायला नको, दिसलं तर मामांसारखी केस आहे असं समजा. ऑनलाइन पाचशे-सातशे रुपयांत ज्या की मिळतात त्यातल्या बऱ्याच याच जातीच्या असतात, आज चालतात आणि ब्लॉक झाल्या की दाद मागायला जागा नसते, मी तरी कुणाला घ्या म्हणणार नाही.

आता यात एक गोची आहे, ती नीट समजून घ्या. त्याच खिडकीत कीची शेवटची पाच अक्षरं दिसतात. ती जर ३व्ही६६टी असतील (प्रो) किंवा ८एचव्हीएक्स७ असतील (होम), तर चॅनल रिटेल दिसत असलं तरी तुमच्याकडे खरी की नाहीये, ती सगळ्यांना सारखीच दिली जाणारी की आहे, खरं लायसन्स मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तुमच्या हार्डवेअरच्या नावे नोंदवलेलं आहे, यालाच डिजिटल लायसन्स म्हणतात. ज्यांनी विंडोज ७ किंवा ८.१ वरून १० वर फुकट अपग्रेड केलं त्यांचं बहुतेक असंच असतं. ती ऑफर जाहीरपणे २९ जुलै २०१५ ते २९ जुलै २०१६ अशी होती, पण त्यानंतरही जुन्या कीवर ॲक्टिव्हेशन होत राहिलं, शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद केली. त्यामुळे "माझ्याकडे विंडोज ७ ची जुनी की आहे, नवीन बोर्डावर तीच टाकतो" हा हिशोब आता धरू नका. जे तेव्हा अपग्रेड होऊन नोंदवलं गेलं ते मात्र त्या मशीनवर चालू आहे, आणि विंडोज १० चं डिजिटल लायसन्स असेल तर त्याच मशीनवर ११ सुद्धा त्यावरच ॲक्टिव्हेट होतं, वेगळे पैसे नाहीत.

दुसरं काम, आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच, मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडणं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन, आणि १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, ॲक्टिव्हेशन. तिथे नुसतं "डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेटेड" लिहिलेलं असेल तर काम अर्धवट आहे, त्यापुढे "लिंक्ड टू युवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट" हे शब्द दिसले पाहिजेत. नसतील तर तिथेच ॲड अकाउंट करून लॉगिन करा. ही सोय २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून आहे आणि बोर्ड बदलल्यावर हाच तुमचा दोर असतो. मामा लोकल, म्हणजे फक्त त्या मशीनपुरत्या, अकाउंटवर होते, म्हणून त्यांना हा दोर नव्हताच, डबा जपून ठेवला होता म्हणून निभावलं. आणि हो, अकाउंट घरातल्या ज्या माणसाच्या मेलवर आहे त्याचा पासवर्ड आणि मोबाईल नंबर चालू आहे ना ते तेव्हाच बघून घ्या, मुलगा अमेरिकेत आणि ओटीपी त्याच्या जुन्या भारतातल्या नंबरवर, असं दोनदा बघितलंय.

तिसरं बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप. खूप लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बहुतेक ठिकाणी चालूच होतं. किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षेच्या भागात असते, आणि तो बोर्डावर किंवा प्रोसेसरमध्ये, म्हणजे बोर्ड बदलला की निळी स्क्रीन येते आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर डेटा गेला, कुठलाच दुकानदार काढून देऊ शकत नाही. म्हणून आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर जाऊन तुमच्या डिव्हाइसची रिकव्हरी की शोधा, कागदावर लिहा, आणि बोर्ड बदलायला देण्याआधी बिटलॉकर सस्पेंड किंवा सरळ बंद करा. बंद व्हायला वेळ लागतो, डिस्क मोठी असेल तर चांगलाच, पण लागू दे.

मग बाकीची लायसन्स. टॅली असेल तर फॉरमॅटच्या आधी टॅलीतूनच लायसन्स सरेंडर करायचं, म्हणजे नवीन ठिकाणी सरळ ॲक्टिव्हेट होतं, आणि डेटा फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर घ्यायचीच, बॅकअप वेगळा आणि फोल्डर वेगळा असे दोन्ही. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर पहिल्यांदा चालू केलं त्यालाच चिकटलेलं असतं, तो अकाउंट कुठला ते आधी बघा. काही मराठी डीटीपी सॉफ्टवेअर डोंगलवर (यूएसबीत लावायच्या लायसन्सच्या काडीवर) चालतात, तो डोंगल मशीनमागे लावलेला असतो आणि दुकानात मशीन देताना तसाच जातो, काढून घरी ठेवा.

आता हार्डवेअर. रॅम वाढवली, हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली, ग्राफिक्स कार्ड बदललं, याने सहसा लायसन्सला काही होत नाही. एसएसडी नवीन आणि बोर्ड तोच असेल तर विंडोज टाका, नेटला जोडा, आपोआप ॲक्टिव्हेट होतं. बोर्ड बदलला की विंडोजच्या दृष्टीने ते नवीन मशीन असतं.

बोर्ड बदललाय पण जुनी डिस्क शाबूत आहे, अशा वेळी लगेच फॉरमॅट मारू नका. जुनी डिस्क लावा आणि चालू करून बघा, विंडोज १० आणि ११ नव्या बोर्डावर स्वतःच ड्रायव्हर शोधून घेतात, "गेटिंग डिव्हाइसेस रेडी" म्हणत पाच-दहा मिनिटं बसतील, बसू द्या. माझ्या अनुभवात बऱ्याचदा चालतं आणि सगळी सॉफ्टवेअर तशीच राहतात. बूटच होत नसेल तर जुनी डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची आणि नवीन बोर्ड फक्त युईएफआय या नव्या पद्धतीचा, असं असू शकतं, त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर टू जीपीटी नावाचं टूल आहे, पण ते चालवायच्या आधी डेटा दुसरीकडे घ्या.

नव्याने टाकायचंच असेल तर किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, तो पूर्ण पुसला जातो, आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून त्यात विंडोज भरा. कुणी दिलेली आयएसओ (विंडोज टाकायची फाइल) वापरू नका, कितीही ओळखीचा असला तरी. सेटअपमध्ये की मागितली की "आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की" वर क्लिक करून पुढे जा, आणि एडिशन अगदी तीच निवडा, होम होतं तर होम, प्रो होतं तर प्रो. इथे चुकून होमच्या जागी प्रो निवडलं की सगळं टाकून झाल्यावर ॲक्टिव्हेशन होत नाही आणि लोक म्हणतात लायसन्स गेलं, ते गेलेलं नसतं, एडिशन चुकलेली असते. आणखी एक अडचण इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर येते, सेटअप डिस्कच दाखवत नाही, यादी रिकामी. घाबरू नका, एसएसडी खराब नाहीये, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर दुसऱ्या मशीनवर उतरवून, उलगडून पेनड्राइव्हमध्ये ठेवा आणि लोड ड्रायव्हरमधून तो दाखवा, डिस्क लगेच दिसते. वायफायचा ड्रायव्हरही सोबत ठेवा, विंडोज ११ च्या सेटअपला नेट लागतंच.

विंडोज ११ टाकणार असाल तर ८व्या पिढीपासूनचा इंटेल किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर, टीपीएम २.०, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क ही किमान अट आहे, आणि नवीन बोर्डावर टीपीएम बायोसमध्ये बंद असू शकतं, इंटेलवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे बोर्ड विकत घेतानाच ११ चालेल असा घ्या, हजार रुपये वाचवायला जुन्या पिढीचा बोर्ड घेण्यात आता अर्थ नाही.

टाकून झालं, नेट जोडलं आणि ॲक्टिव्हेशनच्या पानावर एफ२११ ने संपणारा एरर आला, तर त्याचा अर्थ हार्डवेअर बदललंय एवढाच आहे. ट्रबलशूटवर क्लिक करा, "आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रिसेंटली" ही ओळ शोधा, आधी जोडलेल्याच अकाउंटने लॉगिन करा, यादीतून जुन्या मशीनचं नाव निवडा, "धिस इज द डिव्हाइस आय ॲम यूजिंग राइट नाऊ" वर टिक करून ॲक्टिव्हेट. नावं डेस्कटॉप आणि पुढे काहीतरी अक्षरं अशी सारखीच दिसतात, म्हणून आधीच मशीनला "इचलकरंजी" असं ओळखू येणारं नाव देऊन ठेवा, तेव्हा बरं पडतं. हे किती वेळा करता येईल त्याला मर्यादा आहे, उगाच करून बघू नका.

रिटेल की हातात असेल तर चेंज प्रॉडक्ट कीमध्ये २५ अक्षरं टाकायची, बस. जुनं मशीन चालू असेल तर आधी तिथे एसएलएमजीआर स्पेस स्लॅश यूपीके करून की काढून घ्या. सी००८ ने संपणारा एरर आला तर ती की दुसरीकडेही वापरात आहे असं विंडोजला वाटतंय, तेव्हा मायक्रोसॉफ्ट सपोर्टशी बोलून बोर्ड जळाला असं खरं ते सांगा आणि बिल जवळ ठेवा.

लॅपटॉपचा बोर्ड कंपनीने वॉरंटीत बदलून दिला तर लायसन्स तसंच चालू राहायला हवं, पण टेक्निशियनने नवीन बोर्डात तुमचा सिरीयल नंबर आणि विंडोजची की लिहून द्यायला हवी. तो घरी आलेला असताना, त्याच्या समोरच ॲक्टिव्हेशनचं पान उघडा, ॲक्टिव्हेटेड नसेल तर सही करू नका, एकदा तो गेला की पुढचे आठ दिवस फोनवर जातात.

मामांच्या मशीनवर मी क्रॅक पूर्ण पुसून नव्याने विंडोज टाकलं, क्रॅकवर नुसती खरी की चढवून चालत नाही, आत काय राहिलंय सांगता येत नाही. डब्यातल्या कार्डावरची की टाकली, एका झटक्यात झालं. मग मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडला, तोही मामीच्या नंबरवर, कारण तो नंबर गेली पंधरा वर्षं बदललेला नाही. टॅलीचं लायसन्स मिळवायला त्यांना आणखी एक दिवस लागला. कार्डाचा आणि रिकव्हरी कीचा कागद आता मामांनी कपाटात घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवलाय, आणि एसएलएमजीआर एक्सपीआर केल्यावर तारखेच्या जागी "पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड" येतं.