नव्या ले-आउटमध्ये ड्रेनेज आणि पाण्याची लाइन: पालिकेच्या पहिल्या पत्रापासून हस्तांतरणापर्यंत

जमीन घेतली, मोजणी झाली, प्लॉट पाडले, रस्ते आखले. मग कधीतरी आठवण होते की अरे, पाइप राहिले. "ते काय, शेवटी टाकू" असं म्हणणारी माणसं मला साइटवर नेहमी भेटतात, आणि दरवेळी तेच सांगावं लागतं. रस्ता वळवता येतो, घर दोन फूट पुढेमागे होतं, प्लॉटची हद्द कागदावर असेपर्यंत हलते. ड्रेनेजचं पाणी मात्र ढाळाशिवाय कुणाचं ऐकत नाही. म्हणून आधी ढाळ बघायचा आणि मग त्यावर ले-आउट बसवायचा.

पालिका इतकी चिकित्सा का करते, हेही आधी समजून घ्या. काम तुम्ही करणार, खर्च तुमचा, पण हस्तांतरण झालं की पुढची चाळीस-पन्नास वर्षं ती लाइन पालिकेची. रात्री दोन वाजता तुंबलेलं मॅनहोल उघडायला पालिकेचा माणूस येणार. छाननी करणारा अभियंता तुमचा नकाशा त्या माणसाच्या नजरेनं वाचतो. एवढं लक्षात ठेवलं तर निम्म्या अटी जाचक वाटत नाहीत.

खाली दिलेले आकडे सर्वसाधारण प्रघाताचे आहेत. तुमच्या पालिकेच्या नियमपुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

पायरी १: आधी क्षमतेचं पत्र

नकाशावर पाइपची एक रेघ मारण्याआधी पालिकेकडे लेखी विचारा: जवळच्या मुख्य जलवाहिनीतून आम्हाला पाणी मिळेल का, किती दाबानं, आणि आमचं सांडपाणी तुमच्या लाइनमध्ये आणि पुढे शुद्धीकरण केंद्रात मावेल का? तोंडी "हो, होईल"ला काही किंमत नाही. विचारताना स्वतःचा हिशेब सोबत जोडा.

हिशेब अवघड नाही. समजा ८० प्लॉट, घरटी ५ माणसं, माणशी दिवसाला १५० लिटर पाणी. म्हणजे रोज ६०,००० लिटर. त्यातलं साधारण ८० टक्के ड्रेनेजला येतं असं धरतात, म्हणजे ४८,००० लिटर. दिवसभर सारखं वाहिलं तर हे सेकंदाला अर्ध्या लिटरहून थोडंसं जास्त. पण सकाळी सगळे एकदम उठतात. त्यामुळे सरासरीच्या तिप्पट, छोट्या वसाहतीत चौपटीपर्यंत, कमाल प्रवाह धरावा लागतो. तिपटीनं आला सुमारे १.७ लिटर. हा आकडा बाजूला लिहून ठेवा, पुढे गंमत आहे.

पायरी २: खालून वर या

तुमची लाइन जिथे पालिकेच्या लाइनला मिळणार ते मॅनहोल उघडून घ्या आणि आतल्या पाइपच्या तळाची पातळी, म्हणजे इन्व्हर्ट लेव्हल, स्वतः मोजा. जुन्या नकाशावर विसंबू नका. एका कामात आम्ही नकाशातला आकडा घेऊन अख्खी लाइन आखली. झाकण उघडून स्टाफ, म्हणजे मापं कोरलेला दांडा, आत उतरवला तेव्हा तळ ४० सेंटिमीटर वर निघाला. मधल्या काळात कुणीतरी ती लाइन बदलली होती आणि नकाशा तसाच राहिला होता. तीन आठवड्यांची आखणी त्या दुपारी रद्दीत गेली. आणखी एक, मॅनहोलमध्ये माणूस उतरवायचा नाही. आतला वायू जीव घेतो. मोजमाप वरून, स्टाफनं.

आता तिथून शेवटच्या प्लॉटपर्यंत चढत जा. उदाहरण घेऊ. पालिकेच्या मॅनहोलचा तळ ९६.४० मीटर (सगळ्या पातळ्या एकाच संदर्भ खुणेपासून मोजलेल्या). तिथून सगळ्यात लांबचा प्लॉट ४२० मीटरवर, तिथली जमीन ९९.६० मीटर. लाइन २०० मिलिमीटरची, ढाळ २०० ला १, म्हणजे २०० मीटर लांबीला १ मीटर. चढ झाला २.१० मीटर. दर ३० मीटरवर मॅनहोल आणि प्रत्येकात ३ सेंटिमीटर उतार धरला तर आणखी सुमारे ४० सेंटिमीटर. म्हणजे वरच्या टोकाला पाइपचा तळ ९८.९० वर आला. जमिनीखाली फक्त ७० सेंटिमीटर, आणि पाइपच्या डोक्यावर माती उरली अर्धा मीटर. रस्त्याखाली साधारण ९० सेंटिमीटर मातीचं आवरण मागतात. त्यात घरापासून येणारी १५ मीटरची जोडणी ५० ला १ ढाळानं आणखी ३० सेंटिमीटर वर चढते. बसत नाही.

मग काय करायचं? ढाळ कमी करून २५० ला १ केला तर तळ ९८.४८ वर येतो, आवरण ९२ सेंटिमीटर मिळतं, कागदावर सुटलं. पण आता मघाचा १.७ लिटरचा आकडा काढा. २०० मिलिमीटरचा पाइप या ढाळावर पूर्ण भरून सेकंदाला साधारण २० लिटर वाहून नेतो. तुमचं पाणी त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंही नाही. पूर्ण भरलेल्या पाइपात वेग सेकंदाला ०.६५ मीटर येईल, पण एवढ्या पातळ धारेत तो ०.४ च्या आसपास उरतो. मैला आणि वाळू तळाला बसू नये म्हणून निदान ०.६ मीटर वेग हवा असतो. म्हणजे ऐन वरच्या टोकाला, जिथे दोन-चार घरांचंच पाणी येतं, तिथे खरं तर ढाळ जास्त हवा आणि आपण तो कमी करतोय.

"मग मोठा पाइप टाका" हा सल्ला हमखास मिळतो, आणि तो चुकीचा आहे. पाइप मोठा केला की तीच धार आणखी पसरते आणि घाण जागच्या जागी बसते. किमान व्यास १५० किंवा २०० मिलिमीटर ठेवायला सांगतात ते पाण्यासाठी नाही. लाइन तुंबली तर साफ करायची साधनं आत जावीत म्हणून. अशा वेळी मी वरच्या टोकाची जमीन भरून घेतो. अर्धा मीटर भराव महाग वाटतो, पण पंप टाळण्यासाठी तो स्वस्त आहे.

पंपिंग स्टेशन हा शेवटचा पर्याय, आणि पालिकेला तो मुळीच आवडत नाही. किमान दोन पंप, एकटा पंपही कमाल प्रवाह ओढेल असा, वीज गेली तर पर्याय, धोक्याची घंटा, आणि हे सगळं कायम सांभाळायचं.

मॅनहोल कुठे? लाइनच्या वरच्या टोकाला, आणि दिशा, ढाळ, व्यास बदलेल किंवा दुसरी लाइन मिळेल तिथे. सरळ लाइनवर कुठे ३० मीटरला, कुठे यांत्रिक सफाई असेल तर १०० मीटरच्या पुढेही चालतं. दोन मॅनहोलमध्ये लाइन सरळच हवी. मातीखालचं वळण पुढे कुणाला सापडत नाही.

पावसाचं पाणी या लाइनमध्ये अजिबात नाही. छताचा पाइप, अंगणाची जाळी, काही नाही. त्याची गटारं वेगळी.

पायरी ३: पाण्याची लाइन

इथे ढाळाची कटकट नाही, दाबाचा खेळ आहे. आणि व्यास बहुधा घरांच्या गरजेवर ठरत नाही, आगीवर ठरतो. आपल्या ८० प्लॉटना गर्दीच्या वेळी सेकंदाला दोनेक लिटर पुरतात. एक हायड्रंट, म्हणजे आग विझवायला पाणी घ्यायचा मोठा नळ, मिनिटाला १,००० लिटर मागतो असं धरलं तर सेकंदाला जवळपास १७ लिटर. म्हणूनच हायड्रंट असलेल्या लाइनला अनेक पालिका १५० मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाहीत, आणि हायड्रंट चालू असतानाही लाइनमध्ये साधारण १४ मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब उरायला हवा अशी अट घालतात.

शक्यतो लाइनचं कडं पूर्ण करा. मुकं, म्हणजे पुढे कशालाच न जोडलेलं, टोक ठेवलं की तिथे पाणी साचतं, क्लोरीन उडून जातं आणि शेवटच्या घराची तक्रार सुरू होते. कडं जमतच नसेल तर टोकाला धुवून काढायचा व्हॉल्व्ह द्या. उंचवट्यावर हवा सोडणारा व्हॉल्व्ह आणि खोलगट जागी गाळ सोडणारा. फाटा फुटतो तिथे बंद करायचे व्हॉल्व्ह, म्हणजे एक तुकडा दुरुस्त करताना सगळी वसाहत कोरडी पडणार नाही. वळणावर आणि टोकाला पाण्याचा रेटा पाइप ढकलतो, तिथे काँक्रीटचा ठोकळा किंवा जखडलेले सांधे लागतात. हे विसरलं की चाचणीच्या दिवशी सांधा सुटतो.

पायरी ४: दोन्ही लाइनमधलं अंतर

याच अटीवर सगळ्यात जास्त हुज्जत होते, कारण एकाच चरात दोन्ही पाइप टाकले तर खोदाई निम्मी. सर्वसाधारण प्रघात असा की आडवं अंतर ३ मीटर, आणि जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे पाण्याचा पाइप वर, दोघांमध्ये किमान ४५ सेंटिमीटर. शिवाय ओलांडण्याच्या जागी पाइपची पूर्ण लांबी मध्यावर यावी, म्हणजे सांधे दोन्ही बाजूंना लांब राहतील.

"पाण्याच्या लाइनमध्ये दाब असतो, गळलं तर बाहेरच गळेल, आत काय येणार?" असं विचारतात. दाब नेहमी नसतो. पंप अचानक बंद पडला, मोठी लाइन फुटली, हायड्रंटनं एकदम पाणी ओढलं की क्षणभर दाब उलटतो आणि सैल सांधा बाहेरची ओल आत शोषून घेतो. ती ओल शेजारच्या ड्रेनेजची असेल तर? या एका अटीवर सूट मागू नका. रस्ता अरुंद असेल तर एक लाइन रस्त्याच्या एका कडेला, दुसरी दुसऱ्या.

लाइन खासगी जागेतून जात असेल तर त्या पट्ट्यावर पालिकेचा कायमचा हक्क नोंदवावा लागतो. त्यावर बांधकाम नाही, मोठी झाडंही नाहीत. हा पट्टा प्लॉट विकण्याआधी नकाशावर दाखवा, नंतर मालक ऐकत नाहीत.

पायरी ५: मंजुरी, मग खोदाई

छाननीला काय लागतं: ले-आउटवर दोन्ही लाइनचा नकाशा, प्रत्येक ड्रेनेज लाइनचा उभा छेद त्यावर जमिनीची आणि तळाची पातळी लिहून, हिशेबाचे कागद, मॅनहोल-व्हॉल्व्हची तपशीलवार चित्रं. शेरे येतील. एकेक शेरा क्रमानं, लेखी उत्तर देऊन मिटवा.

काम सुरू करताना खालच्या टोकापासून सुरू करा. पाइपचं रुंद तोंड चढाकडे. चराचा तळ सारखा करून वाळू किंवा बारीक खडीची १०-१५ सेंटिमीटर गादी, सांध्याखाली खळगा, म्हणजे पाइप अंगावर टेकेल, सांध्यावर नाही. कडेची भरणी थराथरानं ठोकून. दगडगोटे पाइपच्या अंगाला लागू देऊ नका. प्लास्टिकच्या पाइपसोबत तांब्याची तार टाकली की पुढे यंत्रानं शोधता येतो, आणि साधारण फूटभर वर इशाऱ्याची पट्टी. दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार किंवा उतरत्या कडा दिल्याशिवाय माणूस आत उतरवू नका.

प्रत्येक प्लॉटची जोडणी हद्दीपर्यंत आत्ताच काढून, टोक बंद करून, खूण लावून ठेवा. रस्ता झाल्यावर तो फोडायची परवानगी मागायला जाणं हे मोठं अपमानास्पद काम आहे.

आणि भरणी करण्याआधी पालिकेच्या निरीक्षकाला बोलवा. त्यानं न पाहिलेला पाइप तो पुन्हा उकरायला लावू शकतो, आणि लावतोही.

पायरी ६: चाचण्या

ड्रेनेजची जुनी तपासणी मला अजून आवडते. एका मॅनहोलमध्ये दिवा, दुसऱ्यात आरसा. आरशात पूर्ण चंद्र दिसला तर लाइन सरळ. चंद्रकोर दिसली तर पाइप कुठेतरी खचलाय किंवा कडेला सरकलाय. आता कॅमेरा आत फिरवतात, त्याचं चित्रण हस्तांतरणाला द्यावं लागतं. त्याशिवाय गळतीसाठी हवेची किंवा पाण्याची चाचणी, आणि प्लास्टिक पाइप मातीच्या ओझ्यानं चपटा झाला नाही ना हे पाहायला आतून साचा ओढतात. ५ टक्क्यांपर्यंत चपटेपणा बहुतेक ठिकाणी चालतो.

पाण्याची लाइन हळूहळू भरा, हवा पूर्ण निघू द्या, मग कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन तासभर किंवा दोन तास धरा. नंतर निर्जंतुकीकरण. एक प्रचलित पद्धत अशी: लिटरला २५ मिलिग्रॅम क्लोरीन घालून २४ तास ठेवायचं, शेवटी निदान १० मिलिग्रॅम उरायला हवं. १५० मिलिमीटरची ५०० मीटर लाइन म्हणजे सुमारे ८,८०० लिटर पाणी. त्याला ६५ टक्के क्लोरीनचं कॅल्शियम हायपोक्लोराइट लागतं फक्त ३४० ग्रॅमच्या आसपास. ठेकेदार मात्र अंदाजानं बादलीभर ओततात. हे पाणी ओढ्यात सोडायचं नाही, मासे मरतात. आधी त्यातलं क्लोरीन निष्प्रभ करा, मगच सोडा. मग लाइन धुवून नमुने प्रयोगशाळेत. अहवाल चांगला येईपर्यंत मुख्य लाइनचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही, आणि तो उघडणार पालिकेचाच माणूस.

पायरी ७: हस्तांतरण

प्रत्यक्षात जसं काम झालं तसा नकाशा द्यावा लागतो, मंजूर झाला होता तसा नाही. साइटवर दोन मीटर सरकलेलं मॅनहोल सरकलेलंच दाखवा. प्रत्येक जोडणीचं अंतर खालच्या मॅनहोलपासून आणि खोली किती, हे चर उघडा असतानाच वहीत लिहून घ्या. भरल्यावर आठवत नाही. सोबत चाचण्यांचे अहवाल, चित्रण, पट्ट्याचे हक्कपत्र. दोषदायित्वाच्या काळात, म्हणजे कामात दोष निघाला तर तो तुम्हीच दुरुस्त करायचा त्या मुदतीत, बहुधा वर्षभर किंवा जास्त, पालिका अनामत धरून ठेवते.

ती मुदत संपण्याआधी एक काम करा. पहिला मोठा पाऊस झाल्यावर सकाळी मॅनहोलची झाकणं उघडून बघा. पाऊस नसताना सुकी असणारी लाइन अर्धी भरून वाहताना दिसली तर कुठेतरी सांधा गळतोय किंवा कुणीतरी छताचं पाणी जोडलंय. ते अनामत हातात यायच्या आधी सापडलेलं बरं.