कोरीव चिनी लॅकर म्हणजे लाख नव्हे : ओळखताना आणि जपताना या चुका टाळा

लाल रंगाचा, खोल नक्षीचा चिनी डबा दिसला की आपल्या तोंडी पटकन ‘लाखेचा’ हा शब्द येतो. सावंतवाडीचं लाखकाम डोळ्यांसमोर असतं, शिवाय ‘लॅकर’ हा शब्दही मूळ लाखेवरूनच निघाला. पण वस्तू वेगळी आहे आणि पुढच्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात.

लाख ही किड्याची राळ. ती उष्णतेने मऊ होते, स्पिरिटमध्ये विरघळते. चिनी लॅकर हा झाडाचा चीक, आणि ते झाड बिब्बा-काजूच्या कुळातलं. ओला चीक अंगाला लागला तर बिब्बा उतल्यासारखे फोड येतात. तो नुसता हवेवर सुकत नाही. साधारण 20 ते 30 अंश तापमानात, 70-80 टक्के आर्द्रतेच्या बंद कपाटात तो रासायनिक क्रियेने घट्ट होतो. एकदा घट्ट झाला की तापवून वितळत नाही. म्हणून भेगेत लाख ओतून बुजवणं ही सर्वांत महागात पडणारी दुरुस्ती. गरम लाखेने कडा दुखावतात, आणि आतलं लाकूड आकसलं-फुगलं की ती ठिसूळ लाख निसटताना शेजारचा मूळ थरही उपटून नेते.

ओळखण्यातली मोठी चूक म्हणजे तापलेल्या सुईची चाचणी. प्लास्टिक वितळतं, लॅकर वितळत नाही, हे खरं. पण अस्सल वस्तूवर डाग कायमचा राहतो, आणि लाल रंग हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याच्या संयुगाचा असतो. तो तापवू नये, घासून त्याची धूळही करू नये. त्यापेक्षा दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. साच्यात ओतलेल्या रेझिनमध्ये बारीक बुडबुडे, साच्याच्या सांध्याची रेघ, बोथट कोपरे आणि हुबेहूब सारखी फुलं दिसतात. खरं काम म्हणजे पातळ हातांचे थर, कित्येकदा शंभरावर. त्यांची एकूण जाडी तरीही काही मिलिमीटरच. तुटलेल्या कडेवर हे थर कधीकधी रेघांसारखे दिसतात. तीशी नावाच्या प्रकारात तर आलटूनपालटून चढवलेले लाल-काळे थर तिरक्या छेदातून मुद्दामच दाखवलेले असतात. रेझिनखेरीज आणखी एक प्रकार फसवा आहे: लुकणाने (पुट्टीने) उठाव घडवून वर लाल लॅकरचा हात द्यायचा. तिथे टवका उडाला की आत लगेच लुकण दिसतं, लाल थर नव्हे. मात्र अस्सल वस्तूतही सगळ्यांत खाली लुकण असतंच, तेव्हा टवका किती खोल गेलाय हे आधी पाहा.

तळावर सम्राटाच्या कारकिर्दीची मुद्रा असते, पण नुसत्या मुद्रेवर काळ ठरवू नका. मिंग घराण्यातल्या योंगले सम्राटाच्या काळातली (1403–24) मुद्रा तळाच्या डाव्या कडेशी, उभी, सुईने ओरखडल्याइतकी बारीक असते. त्याच घराण्यातल्या श्वेनद सम्राटाची (1426–35) सुरीने कोरून सोन्याने भरलेली, आणि काही वेळा ती जुन्या योंगले मुद्रेवरच घातलेली आढळते. मुद्रा मागाहूनही घालता येते. कोरीवकाम खोटं बोलण्याची शक्यता कमी. मिंग काळाच्या सुरुवातीच्या कामात कोरून झाल्यावर कडा घासून गोलसर, मऊ केलेल्या असतात. अठराव्या शतकातल्या चियानलोंग सम्राटाच्या काळात काम अधिक बारीक, कडा धारदार. आम्हाला तरी पहिलंच सरस वाटतं.

पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकणं वरवर शहाणपणाचं वाटतं. पण छोट्या बंद कपाटात कोरडं जेल आर्द्रता फार खाली ओढतं. आतलं लाकूड आकसतं, लॅकर तेवढं आकसत नाही, मग थर उचलला जातो किंवा लाकडाच्या सांध्यावरून भेग जाते. आर्द्रतामापक ठेवा आणि काटा 50-55 टक्क्यांच्या आसपास, मुख्य म्हणजे स्थिर ठेवा. दिवसा एसी आणि रात्री उघडी खिडकी हा झोका सर्वांत वाईट. शोकेसच्या आत हॅलोजन दिवा नको. प्रकाश 50 लक्सपर्यंत पुरे. उन्हाने निस्तेज झालेल्या पृष्ठभागाला पाणीही सोसत नाही, त्यावर ओल्या फडक्याचे पांढुरके डाग उमटतात. खोबरेल किंवा फर्निचर पॉलिश लावलं तर नक्षीत धूळ चिकटून बसते.

धूळ काढायला फडकं नकोच, त्याचा धागा उचललेल्या कडेत अडकून टवका काढतो. मऊ केसांचा रुंद ब्रश घ्या, नक्षीच्या दिशेने झटका. डबा उचलताना झाकण धरू नका. दोन्ही हात तळाखाली. हातमोजे नायट्राइलचे, सुती मोजे फडक्याइतकेच अडकतात.

टवका सुटलाच तर झटपट गोंदाने जागेवर चिकटवू नका. एक केसभर तिरका बसला की शेजारचा तुकडा पुन्हा कधीच बसत नाही. बटर पेपरच्या घडीत ठेवा, कुठून सुटला त्याचा फोटो काढा, आणि तुकडा व डबा दोन्ही संवर्धकाकडे न्या.