बिअरचं पातेलं: स्टील की अ‍ॅल्युमिनियम?
२० लिटर वर्ट (माल्टचं गोड पाणी, ज्याची आंबवून बिअर होते) एकदम उकळायचा तर पातेलं किमान ३० लिटरचं घ्या. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) पडताच फेस उसळतो. स्टेनलेस स्टील कसंही घासा, कॉस्टिकने (कॉस्टिक सोड्याने) धुवा, टिकतं. पण ते उष्णता नीट पसरवत नाही. पातळ बुडाला माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा घट्ट अर्क) करपतं, म्हणून जाड, तिपदरी बूड बघा आणि एक्स्ट्रॅक्ट आच बंद करूनच ढवळा.

अ‍ॅल्युमिनियम स्वस्त, हलकं, लवकर तापणारं. नव्या पातेल्यात आधी अर्धा तास नुसतं पाणी उकळा. आत करडा थर धरेल. तो घासून चकचकीत करायचा मोह टाळा. धातू आणि वर्ट यांच्यामध्ये तोच तर उभा असतो. कॉस्टिक, परकार्बोनेट (ही धुण्याची पावडर) इथे वर्ज्य.

इनॅमलच्या, म्हणजे काचेसारखा लेप दिलेल्या लोखंडी पातेल्याचा टवका उडाला, की खालचं लोखंड गंजतं आणि बिअरला धातूची चव येते.