नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यापासून वंशवृक्षापर्यंत: रानपक्ष्यांतील बर्ड फ्लूच्या जनुकीय बदलांचा मागोवा कसा घ्यावा

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ असलेले नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० साली जाहीर झाले. दर हिवाळ्यात तेथे पट्टकादंब, तलवार बदक, थापट्या, चक्रवाक असे दूरचे पाहुणे उतरतात आणि हळदी-कुंकू बदक, वारकरी, जांभळी पाणकोंबडी यांच्या शेजारी त्याच उथळ पाण्यात चरतात. पाणवठ्यापासून थोड्याच अंतरावर द्राक्षबागा आणि कोंबड्यांच्या शेड आहेत. बर्ड फ्लूच्या विषाणूचा जनुकीय प्रवास समजून घ्यायला नाशिककरांना याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही. भारतात कोंबड्यांमधील एच५एन१ची पहिली अधिकृत नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये झाली ती नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला, म्हणजे नाशिक महसूल विभागातच. तो विषाणू ज्या २.२ या क्लेडचा (वंशवृक्षावरील शाखेचा) होता, त्याच क्लेडने आदल्या वर्षी चीनमधील छिंगहाय सरोवरावर हजारो रानपक्षी, विशेषतः पट्टकादंब, मारले होते.

हे मार्गदर्शन जीवशास्त्राचे विद्यार्थी, पशुवैद्यक आणि संगणकाची भीती नसलेले पक्षीनिरीक्षक यांच्यासाठी आहे. यातील बहुतेक काम सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेल्या जनुकक्रमांवर (विषाणूच्या जनुकांतील रासायनिक अक्षरांच्या क्रमांवर) करायचे असल्यामुळे स्वतःची प्रयोगशाळा लागत नाही.

आधी एक पथ्य सांगितले पाहिजे. मेलेला किंवा मान वाकडी करून गोल फिरणारा पक्षी आढळल्यास त्याला हात लावू नये, पिशवीत घालून घरी आणू नये आणि परस्पर नमुनाही घेऊ नये. जागा, वेळ, पक्ष्याची जात आणि संख्या टिपून दुरून छायाचित्र घ्यावे आणि वनखात्याला व जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला तत्काळ कळवावे. रानपक्ष्याला पकडण्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवानगी लागते. नमुने घेण्याचे काम प्रशिक्षित पथक करते. ते पक्ष्याच्या घशातून व गुदमार्गातून स्वॅब घेते किंवा ताजी विष्ठा गोळा करते, आणि हे नमुने विषाणू टिकवणाऱ्या द्रावणात, शीतसाखळी न तोडता, पुढे जातात. अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. तेथे आधी सर्व ए-प्रकारच्या फ्लू विषाणूंत फारसा न बदलणारा एम हा जनुकीय खंड तपासतात. तो सापडला तर एच५, एच७ असे उपप्रकार पाहतात आणि त्यानंतर संपूर्ण जनुकक्रम वाचतात.

या विषाणूचे जनुकीय साहित्य आरएनएच्या आठ सुट्या खंडांत विभागलेले असते आणि त्याची एकूण लांबी सुमारे साडेतेरा हजार अक्षरे भरते. पीबी२, पीबी१, पीए, एचए, एनपी, एनए, एम आणि एनएस ही त्या खंडांची नावे. नक्कल करताना हा विषाणू चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही, त्यामुळे विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन घडवणाऱ्या एचए या सुमारे १,७०० अक्षरांच्या खंडात वर्षाला साधारण पाच ते दहा बदल साचतात. शिवाय एकाच बदकाला दोन वेगळ्या विषाणूंची लागण एकाच वेळी झाली, तर त्यांच्यात अख्खे खंड अदलाबदल होऊ शकतात. संथ साचणारे बदल आणि ही एकदम होणारी अदलाबदल या दोन्हींचा मागोवा घ्यायचा असतो, आणि दोन्हींसाठी पद्धत वेगळी आहे.

जनुकक्रम मिळवण्यासाठी जेनबँक आणि जीआयएसएआयडी ही दोन मोठी भांडारे आहेत. पहिले सर्वांना खुले आहे. दुसऱ्यासाठी नोंदणी करावी लागते, त्यातील जनुकक्रम दुसऱ्याला परस्पर देता येत नाहीत, आणि ज्यांनी नमुने दिले त्यांना श्रेय द्यावेच लागते. शोधताना भारतापुरते थांबू नये. मध्य आशियाई उड्डाणमार्गावरील मंगोलिया, चीन, कझाकस्तान, रशियाचा सैबेरियाकडील भाग, तसेच नेपाळ आणि बांगलादेश यांचे जनुकक्रम घेतल्याशिवाय नाशिकच्या परिसरातील नमुन्याला शेजारीच मिळत नाहीत. आठही खंड उतरवावेत. केवळ एचए उतरवून काम आटोपण्याचा मोह टाळावा.

यानंतरचे काम कंटाळवाणे असते आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचे असते: लेबले साफ करणे. विषाणूचे नाव एका ठरीव पद्धतीने लिहिले जाते. ए/गूज/ग्वांगडाँग/१/१९९६ या नावात प्रकार, यजमान पक्षी, ठिकाण, नमुन्याचा क्रमांक आणि वर्ष एवढे सगळे आले. आज जगभर पसरलेल्या अतिघातक एच५ विषाणूंचे कूळ याच हंसापर्यंत पोहोचते. पण भांडारातल्या कित्येक नोंदींत यजमानाच्या जागी नुसते ‘डक’ लिहिलेले असते. ते बदक उत्तरेकडून आलेले तलवार बदक होते, बारमाही इथेच राहणारे हळदी-कुंकू बदक होते की कुणाच्या परसातले पाळीव बदक होते, हे कळले नाही तर त्या जनुकक्रमावरून स्थलांतराविषयी काहीही सांगता येत नाही. त्यासाठी तक्त्यात यजमानाचे चार गट करावेत: स्थलांतरित, स्थानिक रानपक्षी, पाळीव आणि अज्ञात. अज्ञाताला अंदाजाने कुठल्या तरी गटात ढकलू नये. तारखेचेही तेच आहे. नमुना घेतल्याची तारीख आणि भांडारात जमा केल्याची तारीख यांची गल्लत होते, आणि ज्या नोंदीला केवळ वर्ष आहे तिला काही स्प्रेडशीट १ जानेवारी चिकटवून मोकळ्या होतात. तारीख अपुरी असेल तर ती अपुरी म्हणूनच नोंदवावी, पुढच्या आज्ञावलींना (संगणकीय प्रोग्रॅमना) तशी तारीख हाताळता येते. प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवून बदललेल्या विषाणूंचे आणि तेच ते दोनदा जमा झालेले जनुकक्रम काढून टाकावेत.

साफ झालेली फाइल आधी नेक्स्टक्लेड या आज्ञावलीत टाकून पाहावी. ते ब्राउझरमध्येच चालते, जनुकक्रम आपल्या संगणकाबाहेर जात नाहीत, आणि एच५ चा क्लेड काही क्षणांत कळतो. भारतीय उपखंडात कोंबड्यांत दीर्घकाळ मुरलेला २.३.२.१ए आणि जगभर रानपक्ष्यांतून पसरलेला २.३.४.४बी, हे दोन क्लेड इथे विशेष लक्षात ठेवावेत. सोबत एचए प्रथिन जिथे कापले जाते ती जागा पाहावी. तिथे आर्जिनीन व लायसीन या अमिनो आम्लांची रांग लागलेली असेल, तर शरीरातील जवळपास सर्व पेशींतली विकरे ते प्रथिन कापू शकतात आणि विषाणू कोंबड्यांसाठी अतिघातक ठरतो. एकटेच आर्जिनीन असेल तर तो बहुधा सौम्य गटातला असतो आणि श्वसनमार्ग व आतड्यापुरता राहतो.

मग प्रत्येक खंडाचे जनुकक्रम मॅफ्ट या आज्ञावलीने एकाखाली एक जुळवावेत आणि आयक्यू-ट्री या दुसऱ्या आज्ञावलीने वंशवृक्ष काढावा. आयक्यू-ट्रीच्या जलद बूटस्ट्रॅप पद्धतीत, म्हणजे फांदी कितपत भरवशाची हे शंभरपैकी गुणांत सांगणाऱ्या चाचणीत, ९५ पेक्षा कमी आधार असलेल्या फांदीवर कोणताही दावा टांगू नये. टेम्पएस्ट या आज्ञावलीत वृक्षाच्या मुळापासूनचे अंतर आणि तारीख यांचा आलेख काढला की चुकीच्या तारखेचे नमुने रेषेपासून दूर पडलेले दिसतात. लेबले साफ करताना निसटलेल्या चुका येथे पकडल्या जातात. हे झाल्यावरच ट्रीटाइम या आज्ञावलीने फांद्यांना काळ लावावा.

आठ खंडांचे आठ वृक्ष शेजारी ठेवले की अदलाबदल दिसू लागते. एचएच्या वृक्षात अमुक नमुना ज्यांच्या शेजारी आहे, त्यांच्या शेजारी तो पीबी२च्या वृक्षात नसेल, तर पीबी२ दुसरीकडून आला असे समजावे. २०२४ मध्ये कोलकात्याहून ऑस्ट्रेलियाला परतलेल्या एका बालकात सापडलेला एच५एन१ एचएवरून २.३.२.१ए ठरला, परंतु त्याचे काही अंतर्गत (एचए व एनए सोडून उरलेल्यांपैकी) खंड वेगळ्या घराण्यांतले होते. एकच वृक्ष पाहणाऱ्याला ही गोष्ट दिसली नसती. पीबी२ प्रथिनातील ६२७ आणि ७०१ ही अमिनो आम्लांची स्थाने स्वतंत्रपणे पाहावीत, कारण तेथील विशिष्ट बदल सस्तन प्राण्यांत वाढण्याशी जोडलेले आहेत. तसा बदल दिसल्यास समाजमाध्यमावर टाकण्याआधी तो तज्ज्ञाला दाखवावा.

वृक्षाचा अर्थ लावताना पक्षीनिरीक्षकाची वही कामी येते. स्थलांतरित बदके आणि हंस आपल्याकडे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत असतात. दोन नमुन्यांचा समान पूर्वज जून-जुलैतला निघाला, तर त्या वेळी हे पक्षी तिबेट-मंगोलियाकडच्या सरोवरांवर होते. तो जानेवारीतला निघाला तर संसर्गाची देवाणघेवाण हिवाळी पाणवठ्यावर किंवा आसपासच्या शेडमध्ये झाल्याची शक्यता वाढते. अर्थात या अंदाजाच्या दोन्ही बाजूंना काही महिन्यांची चूक असते. ती चूक न लिहिता केवळ मधली तारीख सांगणे ही फसवणूक आहे. मानेत पट्टा असलेला पट्टकादंब दिसला तर पट्ट्यावरील अक्षरे टिपावीत, त्यावरून तो पक्षी कुठे खुणावला गेला हे कळते.

कावळ्यांबाबत सावध राहावे. कावळा गावातला कचरा आणि मेलेल्या कोंबड्या खातो, त्यामुळे कावळ्यातला विषाणू कोंबड्यांतल्या विषाणूला जवळचा निघाला तर परदेशी पाहुण्यांवर बोट ठेवण्यापूर्वी मेलेल्या कोंबड्यांची विल्हेवाट कशी लागते ते पाहावे. तसेच महाराष्ट्रातला नमुना बांगलादेशातील नमुन्याच्या शेजारी बसला म्हणजे विषाणू तिकडून आला असे ठरत नाही. मधल्या लांबलचक पट्ट्यात कुणी नमुनेच घेतले नसतील, तर वृक्षाला दुसरा शेजारी मिळणार कुठून?

पुढच्या ऑक्टोबरात पहिले थवे उतरण्याआधी तक्त्याचे रकाने आखून ठेवावेत: जात, गट, संख्या, पाणवठ्याचा नेमका भाग, तारीख, जवळच्या शेडचे अंतर आणि आजारी पक्ष्यांची संख्या. आजारी पक्षी शून्य असले तरी शून्य लिहावे. तो रकाना कोरा राहिला, तर त्या दिवशी कुणी पाहिलेच नाही की पाहूनही काही आढळले नाही, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.