सरकारी बँकेचा नफा मोजताना या चुका टाळा

तिमाही निकाल लागला की तासाभरात ‘नफा दुप्पट!’चे मेसेज फिरू लागतात. आकडा खरा असतो, पण पुढचं सगळं बहुधा फसलेलं असतं.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे निव्वळ नफ्यावर थांबणं. मी ऑपरेटिंग प्रॉफिट (तरतुदी वजा करण्याआधीचा नफा) आणि तरतुदी (बुडू शकणाऱ्या कर्जांसाठी बाजूला काढलेली रक्कम) आधी बघतो, निव्वळ नफा शेवटी. 2017-18 मध्ये सरकारी बँकांचा एकत्रित तोटा 85 हजार कोटींच्या पुढे होता. त्याच वर्षी त्यांचा ऑपरेटिंग प्रॉफिट मात्र दीड लाख कोटींच्या वर होता. तो सगळा बुडीत कर्जांच्या तरतुदींनी गिळला आणि वर खड्डा पाडला. नंतर तरतुदी उतरल्या तसा नफा वर आला. हे ज्याला दिसत नाही, त्याला दोन्ही वर्षं चमत्कार वाटतात.

ऑपरेटिंग प्रॉफिटवरही आंधळा विश्वास नको. हाताखालच्या एका हुशार मुलाने एका बँकेवर झकास नोट लिहिली होती, ऑपरेटिंग प्रॉफिटच्या वाढीचा आलेख वगैरे. त्याला म्हटलं, ‘अनुसूची 14 उघड.’ म्हणजे बँकेच्या ताळेबंदासोबतचा इतर उत्पन्नाचा तपशील. तो म्हणाला, ‘सर, वेबसाइटवर सगळे रेशो तयार मिळतात.’ उघडायला लावलीच. इतर उत्पन्नातल्या ‘संकीर्ण’ ओळीत राइट-ऑफ केलेल्या, म्हणजे बुडीत धरून हिशेबातून काढून टाकलेल्या, कर्जखात्यांची वसुली बसली होती, त्यातही मोठा वाटा एकाच जुन्या खात्याचा. तेवढी वजा केल्यावर वाढ जवळजवळ शून्य! अशी वसुली दरवर्षी येत नाही. रोखे विकून झालेला ट्रेझरीचा नफाही मी असाच वेगळा काढतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण तयार रेशोची सवय लागलेल्यांना तेवढाही धीर नसतो.

कोटींत तुलना करू नका. 2024-25 मध्ये स्टेट बँकेचा नफा सुमारे 70,900 कोटी आणि बँक ऑफ महाराष्ट्रचा सुमारे 5,500 कोटी. मालमत्तेवरचा परतावा, म्हणजे आरओए, पाहिला तर स्टेट बँक 1.1 टक्का आणि महाराष्ट्र बँक दीड टक्क्याच्या वर.

आरओए काढताना वर्षअखेरची मालमत्ता घेऊ नका, सरासरी घ्या. तिमाहीचा असेल तर वार्षिक करून घ्या.

आरओई, म्हणजे भागधारकांच्या भांडवलावरचा परतावा, एकटा वापरू नका. जुन्या तोट्यांनी भांडवल झिजलं असेल तर तो फुगतो आणि सरकारने नवं भांडवल ओतलं की घसरतो. धंदा दोन्ही वेळी तोच असतो.

पंजाब नॅशनल, कॅनरा, युनियन, इंडियन यांची 1 एप्रिल 2020 आधीची आणि नंतरची वर्षं थेट जोडू नका, मध्ये विलीनीकरण आहे. आधीच्या वर्षांत विलीन झालेल्या बँकांचे आकडे मिळवा, मगच रेघ ओढा.